अकरा-अकराची माणसे

संगणकाच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात, ‘आजच्या भेटी’ या शब्दांपुढे रोज सकाळी नऊ, चौदा, फार तर वीस असा आवाक्यातला आकडा असे. तिथे आज सहाशे बारा होते. तपासनीसाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. चष्म्याचा यात काही दोष नाही, हे पुसतानाच त्याला ठाऊक होते. परंतु वाईट बातमी आणि आपण यांच्यामध्ये क्षणभर एखादे फडके धरावेसे माणसाला वाटते. आकडा हलला नाही. मग त्याची नजर वर तारखेकडे गेली: अकरा नोव्हेंबर. लिफ्ट नको त्या मजल्यावर थांबावी आणि दार उघडावे, तसे त्याला झाले. सकाळी चहा ओतताना बायको म्हणाली होती, “आज अकरा-अकरा. म्हणजे न्हाणीघरातला नळ आज दुरुस्त होणार म्हणायचा.” तो हसला होता आणि डबा घेऊन बाहेर पडला होता. त्याच्या घरात हा विनोद पाच वर्षे चालत आलेला होता, आणि जुना विनोद कोणी कान देऊन ऐकत नाही. आता तो खुर्चीत बसून ते वाक्य पहिल्यांदा ऐकत होता. विनोदाला एक वर्षही जोडलेले होते, ते वर्ष हेच होते, आणि ते ठरवणारा तो स्वतः होता.

पाच वर्षांपूर्वी तो या खोलीत बसत नसे. श्रवणयंत्रे विकणाऱ्या या कंपनीचा तो फिरता विक्रेता होता. खांद्याला बॅग, बॅगेत यंत्रांचे नमुने, कानात बसवायच्या साच्यांचा डबा, बारीक नळ्यांचा जुडगा आणि एक जाड वही. वहीत ज्याच्याबद्दल जे सुचेल ते तो लिही. ‘बाई चिडक्या, पण कुत्रा त्यांच्याहून चिडका, आधी बांधायला सांगणे.’ ‘मोठ्या मुलासमोर किंमत काढू नये.’ ‘उजव्या कानाने ऐकतात असे म्हणतात, ऐकत कोणत्याच कानाने नाहीत.’ मग सॉफ्टवेअर आले. वह्या गोळा झाल्या आणि प्रत्येक ग्राहक तेवीस रकान्यांत बसवण्याचा हुकूम निघाला. एकही रकाना रिकामा असेल तर नोंद जतन होत नसे. पडद्याच्या कडा लाल होत आणि यंत्र गुरगुरल्यासारखा आवाज करी. बाविसावा रकाना होता ‘पुढील भेटीची तारीख’. ज्याच्याकडे पुन्हा जायचे आहे त्याचे ठीक. पण ज्याच्याकडे जायचे नाही, जाऊन उपयोग नाही, जायची लाज वाटते, त्याचे काय करायचे, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी त्याच्यापुढे तीस नोंदी उरल्या होत्या आणि शेवटची बस साडेसातला होती. त्याने एकच बोट एकाच कळीवर चार वेळा आपटले, एक एक एक एक, वर्षांच्या यादीतले सर्वांत खालचे वर्ष निवडले, आणि पडद्याची लाल कड हिरवी झाली. शेजारच्या टेबलावरच्या जुन्या विक्रेत्याने मान वाकडी करून ते पाहिले आणि म्हणाला, “वा रे पठ्ठ्या. हे आम्हाला का नाही सुचलं?” महिनाभरात ते सर्वांना सुचले. ‘त्याला अकरा-अकरा लाव’ म्हणजे त्याचे नाव काढू नकोस. पगारवाढीला अकरा-अकरा, गळक्या छताला अकरा-अकरा. एका विक्रेत्याने आपल्या सासूच्या येण्यालाही ते लावले होते. ती मात्र त्याच आठवड्यात आली.

पुढे त्याला तपासनीस केले ते त्याच्या टापटिपीमुळे. काम एकच होते: नऊ विक्रेत्यांच्या नोंदी रोज चाळायच्या आणि एकही रकाना मोकळा राहू द्यायचा नाही. या कामात त्याला गोडी लागली, आणि ती खरी गोडी होती. अर्धवट लिहिलेली नोंद ही त्याला अर्धवट बंद केलेल्या दारासारखी वाटे. उठून ते लावल्याशिवाय चैन पडत नसे. नव्या विक्रेत्यांना तो दर वर्षी तासभर व्याख्यान देई. रिकामा रकाना हा आळस नसून ग्राहकाचा अपमान आहे, कारण त्याने सांगितलेली गोष्ट तुम्ही वाटेत सांडलीत, असे त्याचे प्रतिपादन असे. कोणी शंका काढली की तो तिचे तीन भाग करून तिन्हींना उत्तर देई. दोन वर्षांपूर्वी संपूर्णतेचा आकडा शंभरावर पोचला आणि तिथेच राहिला. माणसे त्याला ‘शंभर टक्के’ म्हणू लागली. तोंडावर आदराने, पाठीमागे जेवणाच्या सुट्टीत. बाविसाव्या रकान्यात काय भरले जाते हे त्याला माहीत नव्हते काय? होते. पण रकाना भरला आहे की नाही हे पाहणे त्याचे काम होते. भरलेले खरे आहे की नाही हे पाहणे दुसऱ्या कोणाचे असावे, अशी त्याची समजूत होती, आणि तो दुसरा कोण हे त्याने कधी विचारले नव्हते. शिवाय गेल्या वर्षी त्याने आणखी एक सोय करवून घेतली होती. भेटीच्या दिवशी सकाळी आठ वाजता ग्राहकाच्या फोनवर आपोआप निरोप जाई: आमचे प्रतिनिधी आज आपल्याकडे येत आहेत, कृपया घरी राहावे. वाक्यातले ‘कृपया’ त्याने स्वतः घातले होते. आता घड्याळात साडेनऊ झाले होते, म्हणजे गेला दीड तास सहाशे बारा घरांतून सहाशे बारा माणसे कृपया घरी राहिलेली होती.

विक्रीप्रमुख बाई आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात आकड्याचा छापलेला कागद होता. त्या त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या, त्याला सर म्हणत, आणि त्यांनी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. मुख्य कचेरीत दुपारी चार वाजता आजचा फलक उघडतो, तोपर्यंत ज्या भेटी झालेल्या नसतील त्या लाल दिसतात, आणि या शाखेच्या फलकावर दोन वर्षांत लाल ठिपका पडलेला नाही, हे त्यांनी त्याला समजावून सांगितले; जणू ते त्याला माहीत नव्हते. नऊ माणसांनी सहाशे घरे करणे अशक्य होते. मार्ग एकच होता, आणि तोही त्याच्याच परवलीच्या शब्दाने उघडणारा. सगळ्या नोंदी एकत्र निवडायच्या आणि यादीत आता जे शेवटचे वर्ष आहे त्यात ढकलून द्यायच्या. लोकांना तारीख बदलल्याचा निरोप आपोआप जाईल. त्या म्हणाल्या, “एका बटणाचं काम आहे, सर. माझ्या अंगावर येऊ देऊ नका. तुमच्याही.” त्यात धमकी नव्हती. त्यांना दोन लहान मुली होत्या आणि ही जागा मिळून सहा महिने झाले होते. त्याने मान डोलावली, आणि ती मान डोलावताना तो प्रामाणिक होता.

बटण दाबण्याआधी त्याने यादी एकदा चाळली. न चाळता काही पुढे ढकलणे त्याच्या स्वभावात नव्हते. यादी नोंदीच्या क्रमाने लावली तर वरच्या तीस ओळींपुढे त्याचेच नाव होते. बाकीचे पाचशे ब्याऐंशी त्याने वाढवलेले नव्हते, पण बी त्याचे होते. पहिल्या ओळीवर एक शिंपी होता. ‘व्यवसाय: शिंपी, निवृत्त. कान: दोन्ही. घरातील इतर माणसे: पत्नी. तक्रार: यंत्र शिट्टी मारते. निष्कर्ष: लक्ष घातले आहे.’ तेवीसच्या तेवीस रकाने भरलेले. एका अक्षराची चूक काढता येणार नाही अशी नोंद. आणि तिच्यातून त्याला शिंपी दिसेना. त्याने डोळे मिटले तेव्हा दिसला. एका पेठेच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, कापड कातरायचे लांब टेबल आणि त्याच्यापलीकडे मान कलती करून उभा असलेला उंच माणूस, गळ्यात टेप. यंत्र कानात घातले की कर्कश शिट्टी वाजे आणि तो हसून म्हणे, गाडी सुटली. पाच वेळा बोलावले होते त्याने. पाचव्या खेपेला तपासनीसाच्या बॅगेत नळ्या संपलेल्या होत्या, नव्या पुढच्या आठवड्यात यायच्या होत्या, आणि ते यंत्र जुन्या घडणीचे असल्याने नळीने भागेल की नाही हेही त्याला सांगवेना. त्याने यंत्र पुसल्यासारखे केले आणि येतो म्हणाला. शिंप्याची बायको दारापर्यंत आली होती. बारीक आवाजाची बाई. कधी, असे तिने विचारले. त्या क्षणी काय झाले असेल? ही नवी तारीख आदल्याच संध्याकाळी शोधून काढलेली होती, जिभेवर ताजी होती. त्याने ती सांगितली. वर्षासकट सांगितली. तिने ती दोनदा म्हणून घेतली, विसरू नये म्हणून. आणि जिना उतरताना तो स्वतःशी हसला होता. एवढेच काय ते आठवत नसते तर बरे झाले असते.

टेलिफोनवर बसणारी मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिचे केस हेडफोनच्या पट्टीने विस्कटले होते. सकाळपासून एकशे चाळीस फोन झाले होते आणि त्यांतले अर्धे ओरडूनच बोलत होते. रागाने नव्हे, सवयीने. बहिऱ्यांना फोन करायला लावणारी आपली एकच कंपनी असेल, असे ती म्हणाली. कोणी म्हणाले, आम्ही तर ते यंत्र कधीच फेकून दिले. कोणी म्हणाले, ज्यांच्यासाठी घेतले ते राहिले नाहीत, आता कोणाला भेटायला येताय? एका बाईंनी तर तिलाच अर्धा तास घरातल्या भांडणाची हकीकत ऐकवली. तिने ते सगळे कागदावर टिपून घेतले होते, कारण सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना नव्हता. मग ती म्हणाली, “एक वेगळाच होता. शेजारीण बोलत होती त्यांच्या वतीनं. कुणीतरी शिंपी आहेत म्हणे. त्यांना एवढंच विचारायचंय, जेवणाआधी येणार की जेवणानंतर? म्हणजे त्याप्रमाणे जेवतील.” त्याने विचारले, तू काय सांगितलेस. ती म्हणाली, “काय सांगणार? बघते म्हटलं.”

तो पडद्याकडे वळला. सगळ्या ओळी निवडलेल्या होत्या, निळ्या. टोकाला बटण होते. त्याच्या मनाने आपली बाजू व्यवस्थित मांडली. एकाकडे जाऊन सहाशे अकरांना न्याय मिळत नाही. तारीख खोटी होती तेव्हाच खोटी होती. आज ती पाळल्याने खरी ठरत नाही, उलट जे उरले त्यांच्या बाबतीत जास्तच खोटी ठरते. शिवाय रकाना मोकळा ठेवायची सोय नव्हती. नाइलाजाने लिहिलेले असत्य हे लिहिणाऱ्याचे की रकान्याचे? युक्तिवाद चोख होता. त्याच्याच व्याख्यानात कोणी तो केला असता तर तपासनीसाने त्याचे तीन भाग केले असते आणि तिसऱ्या भागात त्याला धरले असते: रकाना मोकळा राहिला असता तर लाल दिसला असता, आणि लाल पाहून कोणीतरी, निदान शरमेने, परत गेले असते. आपण शरमेची जागाच बुजवली. हे त्याला कोणी सांगितले नाही. त्याने फोनवरच्या मुलीला म्हटले, “सांग त्यांना, जेवून घ्या म्हणावं. तीन वाजता येतो,” आणि कपाटावरची बॅग खाली ओढली. तिच्यावर पाच वर्षांची धूळ होती. भांडारातून त्याने नळ्यांचा जुडगा आणि सेलांची पाकिटे घेतली. भांडारपाल म्हणाला, शंभर टक्के, आज तुम्ही कुठे?

रस्ता त्याच्या पायांना आठवत होता, त्याला नाही. दुतर्फा दुकानांच्या पायऱ्या, त्यांवर बसलेले लोक, मोबाईल हातात धरून. त्यांतला प्रत्येक जण कोणाची तरी वाट पाहतो आहे असे त्याला वाटू लागले, आणि प्रत्येकाच्या कानाकडे त्याचे लक्ष जाऊ लागले. आपण माणसे टाळतो तेव्हा त्यांना नाही म्हणत नाही, तारीख देतो. नाही म्हटले असते तर ती मोकळी झाली असती. आईला तो दर रविवारी फोनवर म्हणे, पुढच्या महिन्यात नक्की. आईने कधी कोणत्या महिन्यात असे विचारले नव्हते. शिंप्याच्या बायकोने विचारले होते.

जिना तोच, दार उघडे. शिंपी टेबलापलीकडे उभा होता, अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्यात टेप. म्हातारा झाला होता, पण वाकला नव्हता. अलीकडच्या बाजूला एक खुर्ची पुसून ठेवलेली होती. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारीख लिहिलेली दिसत होती, वर्षासकट. ते अक्षर पुरुषाचे नव्हते. तपासनीस बोलू लागला तेव्हा शिंप्याने हात वर करून त्याला थांबवले आणि टेबलावरचा निळा खडू त्याच्यापुढे सरकवला. “लिहा,” तो म्हणाला. त्याचा आवाज स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा, थोडा चढा आणि सपाट होता. “लिहिलेलं बरं. आमचं असंच चालायचं. ती लिहायची, मी बोलायचो. भाजी काय करू, कोण आलं होतं, पाय दुखतोय. सगळं इथंच, या टेबलावर.” तपासनीसाने टेबलाच्या काळ्या फळीवर लिहिले: त्या कुठे आहेत? शिंप्याने वाचले. “दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. मग फळीवरून हात फिरवत म्हणाला, “रात्री झोपायच्या आधी सगळं लिहिलेलं पुसून टाकायची रोज. सकाळी कापड टाकायचं तर फळी स्वच्छ हवी, म्हणून. कापड तर मी कधीच बंद केलं होतं. तेवढी एक सवय वाईट तिची.”

तपासनीसाने खुणेने यंत्र मागितले. ते एका बटणांच्या डबीत होते, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेले. त्याने नखाने नळी दाबून पाहिली. वाळून कडक झाली होती, टोकाशी केसाएवढी चीर. एवढेच होते. त्याने जुनी नळी ओढून काढली, नवी साच्यातून ओवली, तिरकी कापली, सेल घातला. बोटे विसरलेली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे आठ मिनिटे लागली. पाच वर्षे आणि आठ मिनिटे: या दोन आकड्यांची वजाबाकी कोणत्या रकान्यात मांडायची, असे त्याच्या मनात आले, आणि त्याला आपल्या टापटिपीची किळस आली. शिंपी त्याचे कातरणे धंद्याच्या नजरेने पाहत होता. “हात चांगलाय,” तो म्हणाला. त्याने यंत्र कानात बसवून घेतले. शिट्टी वाजली नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे वळला, मग खिडकीकडे, मग टेबलावर नखाने टकटक करून ती ऐकत राहिला. त्याचा चेहरा आनंदला नाही. फक्त सावध झाला, घरात कोणी शिरल्यासारखा. “बोला आता,” तो म्हणाला, आणि आवाज खाली आला होता.

काही तरी साधे बोलायचे असते अशा वेळी: ऐकू येते का, मोठे वाटते का, एक ते दहा आकडे. तपासनीसाने हजार वेळा ते बोललेले होते. तो म्हणाला, “ती तारीख मी खोटी सांगितली होती. मला यायचंच नव्हतं.”

शिंप्याने ते पुरते आत जाऊ दिले. “ऐकू आलं,” तो म्हणाला. बाहेर कोणीतरी लोखंडी दार ओढले, त्याकडे त्याने मान वळवली आणि परत आणली. “मी चाळीस वर्षं लोकांना तारखा दिल्या. खोटी तारीख कशी दिसते ते मला कळत नाही होय? तिला तेव्हाच म्हटलं होतं, हा येत नाही. तर म्हणाली, लिहून ठेवायला काय जातं.” तो टेपचे टोक बोटांत फिरवू लागला. “एक सांगतो. कापड तयार नसायचं, तरी गिऱ्हाईक दिलेल्या तारखेला यायचंच. शिव्या द्यायला का होईना. तारीख देणारा पाळो न पाळो. घेणाऱ्यानं पाळायची असते. म्हणून सदरा घालून बसलो.”

खिशातला फोन वाजला. विक्रीप्रमुख बाई होत्या. पावणेचार झालेत सर, एवढेच त्या म्हणाल्या. खोली लहान होती, शिंप्याच्या कानात नवी नळी होती, आणि फोनमधला आवाज त्याच्यापर्यंत पोचत असावा, कारण तो टेपशी खेळायचा थांबला. तपासनीस म्हणाला, “मी ढकलत नाही. लाल होऊ द्या.”

“सगळं?”

“सहाशे अकरा. एक झालं.”

 त्याला बाईंच्या दोन मुली आठवल्या. हे धाडस त्याच्या एकट्याच्या पदरचे नव्हते. त्यातला मोठा वाटा बाईंच्या खांद्यावर पडणार होता, आणि त्यांना त्याने विचारले नव्हते. तारखा ढकलणे चुकीचे असेल तर हेही चुकीचेच होते. तो म्हणाला, “वर सांगा, तारखा माझ्या होत्या. लेखी देतो. रोज पाच घरं मी करीन, आधी माझी तीस. बाकीच्यांना उद्या खरं काय ते कळवू.” बाई म्हणाल्या, तुम्ही मला अडचणीत आणलंत.  मग कागद ओढल्याचा आवाज आला. “नळ्या किती लागतील अंदाजे? भांडार पाचला बंद होतं.”

बोलणे संपवून त्याने तिथेच, टेबलाच्या कडेला, फोनच्या पडद्यावर नोंद उघडली. ‘घरातील इतर माणसे’ या रकान्यातले उत्तर त्याने खोडले, आणि रकाना मोकळा झाल्याबरोबर पडद्याची कड लाल झाली. त्याने तिथे ‘कोणी नाही’ असे लिहिले. निष्कर्षाच्या रकान्यातले ‘लक्ष घातले आहे’ काढून टाकले, आणि लिहिले: ‘नळी बदलली. आठ मिनिटे. पाच वर्षे उशीर.’ उरला बाविसावा. बोट कळीवर आपोआप गेले आणि तिथे थांबले. शिंपी चष्मा कपाळावर चढवून पडद्यात डोकावत होता. हे काय विचारतेय, त्याने विचारले. तपासनीसाने सांगितले. पुढच्या भेटीची तारीख हवी आहे, ती दिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही; पण यंत्र आता नीट आहे, यायचे तसे कारण नाही.

शिंप्याने गळ्यातला टेप काढला, बोटांवर गुंडाळला, आणि समोरच्याच्या खांद्यांचे माप नजरेने घेतल्यासारखे त्याच्याकडे पाहिले. चाळीस वर्षे ज्या सुरात त्याने गिऱ्हाइकांना वाटेला लावले असेल त्याच सुरात तो म्हणाला, “गुरुवारी या. जेवणानंतर. काम नसलं तरी या.”

तपासनीसाने गुरुवार लिहिला, आणि मग खडू उचलून फळीच्या कोपऱ्यातही लिहिला. तो पुसला जाणार नव्हता.